तानाजींची घोरपड किती किलोची होती?

सुपारीकातर

लेक चौथीत गेली आहे. चौथी म्हणजे शिवाजी महाराजांचं वर्ष, हे इथं कुणाला सांगायला नको. वर्गात प्रत्येकाला एकेक किल्ला वाटून दिलाय, आमच्या वाट्याला सिंहगड आला. कार्डशीटवर कडा काढून झाला, कड्यावर घोरपड काढून झाली, घोरपडीच्या कमरेला लोकरीचा दोरा चिकटवून झाला. परवा रात्री मी ओटा पुसत होते, तर मागून प्रश्न आला, "आई, घोरपड किती किलोची असते?"

म्हटलं, का गं? तर म्हणे तीनशे मावळे त्या दोरावरून चढले, एक मावळा पन्नास किलोचा धरला तर... आणि बाई वहीत गुणाकार मांडून बसल्या होत्या. "अगं सगळे एकदम नाही चढले, एकेक करून चढले," म्हणून मी वेळ मारून नेली. "मग एक मावळा आणि एक घोरपड. तरी ती खाली नाही आली?" मी बाबांकडे पाठवलं, बाबांनी आजोबांकडे. आमच्या सासऱ्यांनी मांडीवर ताल धरून पोवाड्याच्या चार ओळी खणखणीत म्हणून दाखवल्या आणि "अशा गोष्टींना वजनकाटा लावायचा नसतो" असं सांगून पेपर उघडला. लेकीने गुणाकार काही खोडला नाही.

तर जाणकारांनो, जुन्या कागदांत घोरपड आहे का? की शाहिराने आणून सोडली? चार्ट पुढच्या सोमवारी द्यायचा आहे. आणि कृपा करून भांडू नका.

कुजकट_काका

भांडू नका म्हणालात, म्हणजे धाग्याची शंभरी नक्की. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

जुनी_बखर

ताई, लेकीला आधी शाबासकी द्या. सगळ्यांना पाठ असलेल्या गोष्टीत तिने नेमका दोर ओढून पाहिला.

आता कागद. या लढाईची जुनी आणि सविस्तर हकीकत सभासदाच्या बखरीत आहे. कृष्णाजी अनंत सभासद हा महाराजांच्या काळातला माणूस, त्याने राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीला बसून १६९७ च्या सुमारास लिहिलं. लढाई ४ फेब्रुवारी १६७० ची, माघ वद्य नवमीची रात्र. म्हणजे मध्ये सत्तावीस वर्षं गेलेली. तरी तेव्हा ती लढाई पाहिलेली माणसं हयात असणार.

मागची गोष्ट थोडक्यात. जून १६६५ मध्ये पुरंदरचा तह झाला, तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यात कोंढाणा गेला. आग्र्याहून सुटून आल्यावर महाराज तीनेक वर्षं शांत राहिले आणि १६७० उजाडताच एकेक किल्ला परत घ्यायला लागले. कोंढाण्यावर उदेभान राठोड नावाचा रजपूत किल्लेदार होता.

सभासद सांगतो ते असं. तानाजी मालुसरे हा मावळ्यांचा हजारी, म्हणजे हजार माणसांवरचा सरदार. त्याने कोंढाणा आपण घेतो म्हणून कबूल केलं, विडे-वस्त्रं घेतली, पाचशे माणूस घेऊन गडाखाली गेला. आणि मग (इथं नीट वाचा) "दोघे मावळे बरे, मर्दाने" निवडून रात्री कड्यावरून चढवले. कसे चढले? "जैसे वानर चढतात" तसे. वर जाऊन त्यांनी माळ लावली. माळ म्हणजे दोराची शिडी. त्या माळेवरून तानाजीसकट तीनशे लोक वर गेले.

घोरपड नाही. लगीन नाही, रायबा नाही, शेलारमामाही नाही. आहेत ते दोघे, आणि माकडाची उपमा.

पुढे उदेभानाला खबर लागते, रजपूत कंबर कसून, हिलाल आणि चंद्रज्योती पेटवून चालून येतात. प्रहरभर लढाई होते. तानाजीची डाव्या हातातली ढाल तुटते, दुसरी वेळेवर मिळत नाही, मग तो डाव्या हाताचीच ढाल करतो. तानाजी आणि उदेभान एकमेकांच्या हातून पडतात. भाऊ सूर्याजी लोकांना सावरून गड घेतो. पागेचे खण पेटवून देतात, तो उजेड महाराज राजगडावरून पाहतात.

रुमाल_टाकून

वाचनखूण साठवली आहे. दंडवत, बखरकाका.

कातळवेडा

मी पंचवीस वर्षं सह्याद्रीत दोर बांधतोय, म्हणून दोन पैसे माझेही.

लोक वजनावर अडतात, पण खरी अडचण वजनाची नाहीच. घोरपडीने वर जाऊन बारीक दोरी नेली असं घटकाभर धरू. पुढे काय? दोरीला माणसाचा भार द्यायचा तर ती वर कशाला तरी बांधावी लागते. झाडाचं खोड, खडकाची खुंटी, तटाची चर्या, काहीही. गाठ मारावी लागते, ती ओढून तपासावी लागते, आणि खडकाच्या धारेवर दोर घासून झिजणार नाही अशी त्याची वाट लावावी लागते. यातलं एकही काम घोरपड करत नाही. ती फार तर कपारीत शिरेल.

याउलट सभासदाने लिहिलंय ते आम्ही आजही करतो. दोघांत एक पुढे, एक मागे. पुढचा मोकळ्या हातांनी चढतो, मागचा त्याला खालून पकडी सांगतो. वर पोचला की दोर पक्का करतो आणि मग बाकीची गँग चढते. तेही रात्री, थंडीत, पाठीला दोराचं वेटोळं, खाली चारशे अठ्ठ्याण्णव माणसं श्वास रोखून उभी. पायाखालून एक धोंडा सुटला असता तरी पहाऱ्याला जाग. आमच्याकडे हेल्मेट असतं, बुटाला रबरी तळ असतो, तरी सह्याद्रीचा तो बुरबुरीत कातळ आणि त्यावरचं वाळलेलं गवत दिवसाउजेडी घाम फोडतं.

मला विचाराल तर घोरपडीपेक्षा ही गोष्ट शंभर पटींनी भारी आहे.

रानवाटा_७

वजनाचं उत्तर राहिलं की हो! घेते मी.

आपल्याकडची घोरपड मोठी झाली तर शेपटीसकट साधारण दीड मीटर, क्वचित पावणेदोन. त्यातली निम्म्याहून जास्त शेपटीच. वजन पाच-सात किलोच्या पुढे सहसा नाही. नख्या जबरदस्त असतात हे खरं. बिळात किंवा फटीत शिरली की अंग फुगवून घट्ट बसते, ओढून निघत नाही. "घोरपडीसारखा चिकटून बसलाय" हे आपण उगाच म्हणत नाही. पण ते फटीत. उघड्या कड्यावर तिला खालून ओढलंत तर ती तुमच्या डोक्यावर येईल.

दुसरं कुणी बोलत नाही ते म्हणजे थंडी. माघातली रात्र! घोरपड थंड रक्ताची आणि दिनचर. सकाळी उन्हात पडून अंग तापवल्याशिवाय ती धड हलतही नाही. थंडीच्या दिवसांत रात्री ती बिळात गपगार असते. पेटाऱ्यातून काढून कड्याला लावली असती तर तिने तिथंच डोळे मिटले असते.

जाता जाता, घोरपड वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. मारणं, पाळणं, तेल काढणं सगळं गुन्हा. गावाकडे अजून "संधिवाताला घोरपडीचं तेल" चालतं म्हणून सांगितलं.

स्वराज्य_एक_ध्यास

मला आलेला फॉरवर्ड इथे देत आहे. घोरपड हा प्राणी नव्हताच. यशवंत घोरपडे नावाचा एक निष्णात कडेचढ्या मावळा होता, त्यालाच नंतर यशवंती घोरपड केलं गेलं. इतिहासाचं विद्रूपीकरण थांबवा.

जुनी_बखर

फॉरवर्डला कागद जोडलेला असेल तर तोही द्या, लगेच मान्य करतो. नुसतं नाव जमतंय म्हणून माणूस उभा करायचा तर उद्या कुणी हनुमंते नावाचा मावळा काढेल, कारण सभासदाने वानर म्हटलंय.

पण घोरपडे आडनावाचा धागा सोडू नका, तिथे गंमत आहे. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली छापून आला. त्यात घोरपडे घराण्याबद्दल लिहिताना तो त्यांची कुलकथा सांगतो: हे मूळचे भोसले. बहामनी काळात कोकणातला एक अजिंक्य समजला जाणारा किल्ला त्यांच्यातल्या एकाने घोरपडीच्या अंगाला दोर बांधून पहिल्यांदा चढला, म्हणून हे आडनाव पडलं. मुधोळच्या घोरपड्यांच्या परंपरेत तो किल्ला खेळणा, म्हणजे आजचा विशाळगड, आणि साल १४७१. (मुधोळच्या फर्मानांच्या अस्सलपणावर विद्वानांत वाद आहेत, तो वेगळ्या धाग्याचा विषय.)

आता मजा बघा. हाच ग्रँट डफ, ह्याच ग्रंथात, पुढे सिंहगडाची लढाई लिहितो तेव्हा काय लिहितो? हजार मावळे निघाले, सर्वांत अवघड म्हणून जिथे पहारा नसेल अशी जागा तानाजीने निवडली, एक मावळा कडा चढून गेला आणि त्याने दोराची शिडी बांधली. घोरपडीची गोष्ट माहीत असलेला हा माणूस ती तानाजींना देत नाही!

म्हणजे दोर बांधलेली घोरपड आपल्याकडे आधीपासून हिंडत होती. कुठल्याही अवघड गडाखाली ती सापडू शकते. सिंहगडाखाली तिला शाहिराने आणलं असणार.

डफवाला

आला का शाहिराचा विषय? मग मला बोलू द्या. आमच्या घरात तीन पिढ्या पोवाडा. आजोबा जत्रेत गायचे, वडील गणपतीत, मी सोसायटीच्या शिवजयंतीला (पार्किंगमध्ये, साडेनऊला स्पीकर बंद).

तुम्ही ज्याला "शाहिराने आणून सोडली" म्हणता तो पोवाडा तुळशीदासाचा. पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालला, अॅकवर्थ साहेब आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी जमवून १८९१ साली छापला. तोंडी चालला म्हणजे त्यात भर पडत गेली, हे मीच कबूल करतो. मी स्वतः भर घातलेली आहे.

पण आधी पोवाडा कसा चालतो ते ऐका. सुरुवातीला लढाई नाही. जिजाऊ प्रतापगडावर आहेत, हस्तिदंती फणीने केस विंचरताहेत, खिडकीतून कोंढाणा दिसतो आणि मन उठतं. राजांना बोलावणं जातं, मायलेक सोंगट्या खेळायला बसतात, आऊसाहेब डाव जिंकून कोंढाणा मागतात. मग उमरठ्याला सांगावा. तिथे रायबाच्या लग्नाची गडबड. "आधी लगीन कोंढाण्याचं" येतं ते इथे. ऐंशी वर्षांचा शेलारमामा बरोबर निघतो. आणि मग कड्याखाली पेटाऱ्यातून घोरपड निघते. तिला शेंदूर लावतात, हात जोडतात. अर्ध्या कड्यावर जाते आणि माघारी फिरते.

हे माघारी फिरणं हीच शाहिराची कमाई आहे! बाया पदर तोंडाला लावतात, म्हातारे "अपशकुन" म्हणतात, शेलारमामा परत फिरू म्हणतो. आणि तानाजी चिडून घोरपडीला दम देतो की कापून खाईन. तेव्हा ती चढते. मी सांगतो, पाचशे माणसांच्या समोर उभं राहून "दोघे मावळे निवडले आणि ते चढले" एवढंच म्हणालात तर माणसं चहाला उठतील. कड्याखाली उभ्या असलेल्या माणसाच्या पोटातला गोळा श्रोत्याच्या पोटात कसा आणायचा? घोरपड अर्ध्यावरून वळली की तो येतो. दरवेळी येतो. मी हजार वेळा म्हटलंय, मला माहीत असतं की ती चढणार आहे, तरी येतो.

अवांतर : पूर्वी खंजिरीला घोरपडीचं कातडं चढवायचे, आवाज वेगळाच लागायचा. आता नाही, रानवाटाताई रागावतील.

कुजकट_काका

प्रतापगडावरून सिंहगड? आऊसाहेबांची नजर तेज होती म्हणायची.

डफवाला

काका, पोवाड्यात उदेभानाला अठरा बायका आणि एक हत्ती पण आहे. तो हत्ती गडावर कसा चढला ते विचारा की आधी. घोरपडीवरून तर नक्कीच नाही.

दूरदेशी

अॅकवर्थने या पोवाड्यांचं इंग्रजी भाषांतरही केलं, ते १८९४ चं. आमच्या इथल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात एक प्रत आहे, पुठ्ठा सुटलेली. मी मुलांना झोपताना त्यातलं वाचून दाखवायचो, कारण त्यांचं मराठी तेवढं नाही. पहिल्या दिवशी मुलाने विचारलं, आपण जिंकलो ना मग सगळे रडतायत का? त्या रात्री मला पुढे वाचवेना.

या हत्तीचं नाव त्यात चंद्रावळी आहे, आणि उदेभानाच्या एका सरदाराचं सिद्दी हिलाल. वर बखरकाकांनी सभासदाचं सांगितलं त्यात "हिलाल आणि चंद्रज्योती पेटवून" असं आहे. हिलाल म्हणजे मशाल ना? मग मशालीचा सिद्दी आणि चंद्रज्योतीचा हत्ती झाला की काय? माझा आपला एक तर्क. हसू नका.

जुनी_बखर

हसत नाही, उलट पाठ थोपटतो. हिलाल म्हणजे मशालच, आणि चंद्रज्योती हा उजेडाच्या दारूचा प्रकार. पुरावा म्हणून हे टिकणार नाही, सिद्दी हिलाल नावाचे सरदारही त्या काळात होते. पण तोंडी परंपरेत शब्दाचा अर्थ विसरला की शब्द चालू लागतो, हातपाय फुटतात त्याला. हे वहीत लिहून ठेवतो.

डफवाला

आई गं. मी गेली तीस वर्षं मशालीला हत्ती म्हणून नाचवतोय की काय!

पोलादपूरकर

आमच्या बाजूचं कुणी बोललं नाही म्हणून. उमरठ आमच्यापासून जवळ. तिथे तानाजींचं स्मारक आहे, दरवर्षी माघ वद्य नवमीला लोक जमतात. आमच्याकडे घोरपडीवर कुणी वाद घालत नाही. आमच्याकडे सांगतात ते शेवटाचं. सिंहगडावरून तानाजींचा देह उमरठ्याला आणला तो ज्या घाटाने, तो मढे घाट. मढं उतरवलं म्हणून मढे. माझी आजी पावसाळ्यात त्या घाटाकडे बघून हात जोडायची. लोक आता तिथे धबधब्याखाली भिजायला येतात, त्यांना नावाचा अर्थ माहीत नसतो.

केळदची_सून

मढे घाट आमच्या केळदचा! वेल्ह्याच्या पुढे, गावापासून पंधरा मिनिटं चालत. वरून खाली पाहिलं की कोकण दिसतं. आमच्याकडेही हेच सांगतात. भिजणाऱ्यांबद्दल सहमत, आणि त्यांनी निदान कुरकुऱ्यांची पाकिटं तरी परत न्यावीत.

अभ्यासू_अमोल

मूळ धाग्यात एक भर. चार्टवर "महाराज म्हणाले, गड आला पण सिंह गेला, म्हणून कोंढाण्याचं नाव सिंहगड पडलं" असं लिहिलं असेल तर ते तेवढं बदला. ३ एप्रिल १६६३ चं महाराजांचं पत्र आहे, त्यात सिंहगड हेच नाव आलंय. तानाजींच्या आधी सात वर्षं. मोगलांच्या तोंडी मात्र पुढेही कोंढाणाच राहिला.

आणि महाराजांचं वाक्य सभासदाने दिलंय ते असं : "एक गड घेतला, परंतु एक गड गेला." त्यात सिंह नाही, तानाजीच गड आहे. ग्रँट डफकडे मात्र गुहा हाती आली, पण सिंह मारला गेला अशा अर्थाचं वाक्य आहे. नंतर हरि नारायण आपट्यांच्या कादंबरीचं नावच "गड आला पण सिंह गेला" झालं आणि ते घराघरांत पोचलं.

स्वराज्य_एक_ध्यास

म्हणजे आता महाराजांचं वाक्यही खोटं का? उद्या म्हणाल तानाजी झालेच नाहीत. हेच चाललंय सगळीकडे.

अभ्यासू_अमोल

अहो, मी वाक्य काढून घेत नाहीये, जुनं वाक्य देतोय. "एक गड गेला" हे मला सिंहापेक्षा मोठं वाटतं. महाराजांच्या हिशेबात गड म्हणजे काय होतं ते तुम्हाला मी सांगायला पाहिजे का? ज्या माणसाने तहात तेवीस गड मोजून दिले आणि एकेक करून परत घेतले, तो एका माणसाला गड म्हणतो.

स्वराज्य_एक_ध्यास

हं. असं पाहिलं नव्हतं. पण सिंहगड नाव मी तानाजींमुळेच म्हणणार.

कुजकट_काका

म्हणा की. भांडण अकाली मिटलं, माझे पॉपकॉर्न उरले.

राजगडचा_मुक्कामी

त्या उजेडाबद्दल. राजगडावर आम्ही दर हिवाळ्यात मुक्कामाला जातो. आकाश स्वच्छ असेल तर रात्री सिंहगडावरच्या दूरदर्शनच्या मनोऱ्याचा लाल दिवा दिसतो, ठिपक्याएवढा. गेल्या वेळी मी त्याच्याकडे बघत किती वेळ बसलो होतो कुणास ठाऊक. त्या एका दिव्याएवढा जाळ दिसायचा, आणि त्यावरून फत्ते झाली एवढंच कळायचं. कोण पडलं हे जाळ सांगत नाही. सभासदाकडे तसंच आहे ना काका? उजेड रात्री, आणि तानाजींची बातमी दुसऱ्या दिवशी जासूद आणतो?

जुनी_बखर

तसंच आहे. मधली रात्र सभासदाने लिहिलेली नाही.

आणि माघ वद्य नवमी म्हणजे चंद्र मध्यरात्रीनंतर उगवणार. कडा चढताना काळोख, लढाईच्या वेळी कदाचित अर्धा चंद्र. तिथी आपोआप मिळाली असं समजू नये कुणी.

कातळवेडा

हे भारी. आम्हीही रात्रीची चढाई ठरवताना आधी पंचांग बघतो.

बाकी सिंहगड शिडीने घेण्याची ती शेवटची वेळ नव्हती. संभाजी महाराजांनंतर गड पुन्हा मोगलांकडे गेला, तेव्हा १६९३ मध्ये नावजी बलकवड्यांनी रात्री शिड्या लावून परत घेतला. तोच गड, तशीच अंधारातली चढाई, आणि नावजी जिवंत राहिले. त्यांच्या नावाने चौथीतल्या मुलांना चार्ट येत नाही.

डफवाला

नावजींना तुळशीदास भेटला नाही, कातळराव.

रानवाटा_७

मला एक कळत नाही. सभासदाकडे दोघे चढतात, ग्रँट डफकडे एक, पोवाड्यात घोरपड. त्या दोघांची नावं कुठेच नाहीत? तानाजी, सूर्याजी, शेलारमामा, रायबा, उदेभान, त्याचा हत्ती, सगळ्यांना नावं आहेत. घोरपडीलाही आहे, यशवंती. फक्त खरोखर जे आधी चढले त्यांना नाही?

जुनी_बखर

नाहीत. "दोघे मावळे बरे, मर्दाने." एवढंच.

मी ही बखर इतक्यांदा वाचली, पण हे असं कधी डोक्यात आलं नव्हतं, खरं सांगतो. आम्ही तारखा जुळवत बसतो. त्या दोघांना माहीत असणार की माळ लागेपर्यंत ते एकटे आहेत. वर पहारेकरी उभा असला तर ओरडायचीही सोय नाही, कारण ओरडलं तर खालचे पाचशे अडकले. पुढे ते त्या तीनशेत लढले असतील, पडले असतील की घरी जाऊन भात लावला असेल, कुणी लिहिलं नाही. आणि त्यांची जागा घोरपडीने घेतली.

डफवाला

काका, असं एकदम नका बोलू. शाहिराला दोघांची नावं कळली असती तर त्याने घातली असती. आम्ही गावातल्या पाटलाचं नाव घालतो बिदागीसाठी, त्या दोघांचं नसतं का घातलं? नावं हरवली असणार आधीच. कड्यावर काहीतरी चढताना दाखवायलाच हवं होतं, म्हणून त्याने घोरपड चढवली.

परवा नारायणगावाजवळ कार्यक्रम आहे. बघतो, दोन ओळी घालतो त्यांच्यासाठी. घोरपड काढणार नाही मात्र. लोक मारतील मला.

केळदची_सून

ओळी जमल्या की इथे टाका.

डफवाला

गायच्या असतात हो त्या, टाकायच्या नसतात. जमल्या तर रेकॉर्डिंग.

सुपारीकातर

आले, आले. भांडला नाहीत (जवळजवळ), सगळ्यांचे आभार.

रविवारी लेकीला घेऊन गडावर गेलो. गाडी वर नेली नाही, आतकरवाडीकडून चालत चढलो. दोनदा बसली, तिसऱ्यांदा रुसली, वर मडक्यातलं दही मिळाल्यावर राग गेला. तानाजी कड्याच्या कठड्यापाशी नेलं. खाली वाकून बघितलं आणि बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "इथून? रात्री?" मी म्हटलं, हो. "बूट होते का त्यांना?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पिठलं-भाकरी खाताना सासऱ्यांना फोन लावून तोच प्रश्न विचारला तिने. ते म्हणाले, त्या धाग्यावरच्या लोकांना विचारा.

मग घरी येऊन चार्ट बदलला. लोकरीचा दोरा सोडवला, कागद थोडा फाटला, तिथे खडक रंगवला. कड्यावर आता दोन माणसं आहेत, एक पुढे, एक मागे, पाठमोरी, चेहरे दिसत नाहीत. एकाच्या पाठीवर दोराचं वेटोळं. शेजारी बाण काढून लिहिलंय, "दोघे मावळे. नावं माहीत नाहीत." वर कोपऱ्यात अर्धा चंद्र, त्याच्याखाली "अजून उगवायचा आहे".

घोरपड काढून टाक म्हटलं तर ऐकेना. आजोबांना काय वाटेल, म्हणे. ती कड्याच्या पायथ्याशी एका बिळात आहे, डोळे मिटून. तिच्याखाली लिहिलंय, "यशवंती. वजन पाच किलो. थंडीमुळे झोपली आहे."